दोन मनोली : शेतातली ठिपकेदार आणि रानकडेची पांढऱ्या पाठीची

मनोली किंवा मुनिया हा चिमणीहून लहान, आखूड व जाड चोचीचा, गवताच्या बियांवर जगणारा पक्षी आहे. गोव्यात आणि त्याला लागून असलेल्या घाटमाथ्यावर या गटातील ज्या जाती नेहमी दिसतात, त्यांतील ठिपकेदार मनोली आणि पांढऱ्या पाठीची मनोली या दोघींची गल्लत सर्वाधिक होते. दोघींची लांबी अकरा-बारा सेंटिमीटरच्या आसपास, दोघींचा रंग तपकिरी, दोघी थव्याने राहणाऱ्या आणि दोघींचे घरटे गवताच्या गोळ्यासारखे. शेताच्या बांधावरून भुर्रकन उडालेला थवा पाहून ‘मुनिया’ एवढे सांगता येते. ती कोणती, हा प्रश्न बहुधा अनुत्तरित राहतो.

हा प्रश्न केवळ पक्षिनिरीक्षकांच्या हौसेचा नाही. ठिपकेदार मनोली मोकळ्या गवताची आणि शेताची, तर पांढऱ्या पाठीची मनोली रानाच्या कडेची, बांबूच्या बेटांची. त्यामुळे एखाद्या गावात कोणती मनोली किती दिसते, यावरून त्या गावच्या जमिनीचे काय चालले आहे याचा अंदाज बांधता येतो.

हे समजून घेण्यासाठी दिग्गी हे गाव उपयोगी पडते. उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यात, गोव्याच्या सीमेलगत, काळी नदीच्या उगमक्षेत्रात वसलेले हे घाटमाथ्यावरचे गाव. जोयडा तालुक्यातील कुणबी समाज भात, नाचणी आणि कंदपिके घेत आला आहे. अशा वस्तीत भातखाचर, त्याच्या कडेचे गवत, त्यापलीकडची झुडपे, बांबू आणि मग दाट रान हे सारे काही मिनिटांच्या चालीवर असते. खालच्या किनारपट्टीवर दोन मनोलींची घरे एकमेकींपासून दूर पडतात. इथे ती एका बांधाच्या अंतरावर येतात.

नाव आणि कूळ

इंग्रजीत अशा छोट्या बियाभक्षी पक्ष्यांना सरसकट ‘फिंच’ म्हणतात. शास्त्राच्या दृष्टीने मनोली हे खरे फिंच नव्हेत. खऱ्या फिंचांचे कूळ फ्रिंजिलिडी. हिवाळ्यात उत्तरेकडून आपल्याकडे येणारा रोझफिंच त्या कुळातला. मनोलींचे कूळ एस्ट्रिल्डिडी असून पाळीव पक्ष्यांच्या दुकानात हमखास दिसणारा ऑस्ट्रेलियातील झेब्रा फिंचही त्याच कुळात मोडतो. सुगरण आणि चिमणी यांची कुळे आणखी वेगळी. जाड, त्रिकोणी चोच ही बिया फोडण्याच्या कामाने निरनिराळ्या कुळांना दिलेली समान देणगी आहे. केवळ चोचीवरून नाते ठरवता येत नाही, ते यामुळेच.

दोन्ही मनोली लोंचूरा या एकाच प्रजातीतील. ठिपकेदार मनोलीचे शास्त्रीय नाव लोंचूरा पंक्ट्युलाटा, म्हणजे बारीक ठिपक्यांची. पांढऱ्या पाठीच्या मनोलीचे नाव लोंचूरा स्ट्रायेटा, म्हणजे रेघांची. ही दोन्ही जातिनामे स्वीडिश शास्त्रज्ञ कार्ल लिनियस याने दिली. पहिले १७५८ मध्ये, दुसरे १७६६ मध्ये. प्रजातीच्या नावाचा धागा मात्र मराठी मुलखाशी जुळतो. मुंबई इलाख्याच्या सेवेत राहून दख्खनचे सर्वेक्षण करणारे विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३२ मध्ये ‘लोंचूरा’ ही प्रजाती प्रस्थापित केली. ग्रीक भाषेतील ‘भाला’ आणि ‘शेपटी’ या दोन शब्दांपासून हे नाव घडले आहे. भाल्याच्या टोकासारखी शेपटी हे वर्णन आज आपल्या दोघींपैकी पांढऱ्या पाठीच्या मनोलीला अधिक शोभते.

ओळख कशी पटवावी

ठिपकेदार मनोलीची पाठ तपकिरी, चेहरा व गळा गडद तांबूस-तपकिरी आणि चोच काळसर व भक्कम असते. पोट पांढरे असून त्यावर प्रत्येक पिसाच्या काठाने गडद रेघ असते. त्यामुळे छातीपासून कुशीपर्यंत माशाच्या खवल्यांची नक्षी दिसते. शेपटीच्या मुळाशी असलेली पिसे पिवळसर, वाळक्या गवताच्या रंगाची असतात.

पांढऱ्या पाठीच्या मनोलीत खवले नसतात. डोके, गळा आणि छातीचा वरचा भाग काळपट तपकिरी. त्याखाली छातीवर रेघ मारल्यासारखा रंग बदलतो आणि पोट फिकट पांढरे दिसते. पाठीवर बारीक फिकट रेघा असतात, पण त्या जवळून पाहिल्याशिवाय कळत नाहीत. शेपटी काळी आणि टोकदार. चोचीचा वरचा भाग गडद व खालचा निळसर करडा. खरी खूण मात्र पक्षी उडाल्यावर पटते : काळ्या शेपटीच्या वर, पाठीच्या खालच्या भागात, शुभ्र पांढरा पट्टा चमकतो. नावातील ‘पांढरी पाठ’ म्हणजे पूर्ण पाठ नव्हे, हा पट्टा होय.

दोन्ही जातींत नर आणि मादी बाह्यतः जवळजवळ सारखेच असतात. खरी अडचण पिल्लांची. पावसाळ्यानंतर घरट्याबाहेर पडलेली ठिपकेदार मनोलीची पिल्ले वरून फिकट तपकिरी आणि खालून एकरंगी मळकट असतात. त्यांच्या अंगावर एकही खवला नसतो. पांढऱ्या पाठीच्या मनोलीच्या पिल्लांत पट्टा शुभ्र नसून मळकट पिवळसर असतो. अशा वेळी एकट्यादुकट्या पिल्लावरून निष्कर्ष काढू नये. पिल्ले मोठ्यांच्या थव्यातच फिरतात. सोबतचे प्रौढ पक्षी पाहावेत, शेपटी टोकदार व काळी आहे का ते पाहावे आणि मगच नाव घ्यावे.

सह्याद्रीच्या दक्षिणेकडील डोंगराळ भागात काळ्या गळ्याची मनोली ही तिसरी नातेवाईकही राहते. तिचा चेहरा व गळा काळपट असतो, त्यामुळे ती पांढऱ्या पाठीच्या मनोलीसारखी भासते. परंतु सह्याद्रीतील या पक्ष्यांच्या पाठीवर पांढरा पट्टा नसतो आणि पोट गुलाबीसर तपकिरी असते. एवढे लक्षात ठेवले की तीही वेगळी काढता येते.

कोणाचे घर कोठे

ठिपकेदार मनोलीला मोकळी जागा मानवते. गवताळ पडीक, भातशेती, तळ्याकाठचे लव्हाळे, बागा आणि थेट वस्तीतील झाडे ही तिची ठिकाणे. गोव्याच्या सखल भागातील भातशेतांच्या कडेला दिसणारी मनोली बहुधा हीच. माणसाने केलेले बदल ती सहज पचवते. पिंजऱ्यातून सुटलेल्या किंवा सोडलेल्या पक्ष्यांपासून तिच्या रानटी वसाहती ऑस्ट्रेलिया, हवाई आणि कॅलिफोर्नियापर्यंत उभ्या राहिल्या आहेत.

पांढऱ्या पाठीच्या मनोलीला आडोसा लागतो. जास्त पावसाचा डोंगराळ मुलूख, रानाची कड, झुडपे, बांबूची बेटे, रानातील मोकळ्या जागा आणि रानाला लागून असलेली शेते येथे ती राहते. दाट रानाच्या पोटात ती शिरत नाही, कारण तेथे गवत नाही. उघड्या माळावर ती थांबत नाही, कारण तेथे लपण नाही. तिचे सारे जीवन या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात जाते.

म्हणूनच दिग्गीसारख्या गावाचे महत्त्व. रान, बांबू, गवत आणि भात यांची गुंफण असेल तेथेच दोघी एकत्र चरताना दिसू शकतात. थवा मिश्र असला तरी उडाल्यावर एक टोळी मोकळ्या शेताकडे आणि दुसरी झुडपाच्या आडोशाकडे वळण्याचा संभव अधिक असतो.

अन्न आणि चरण्याची रीत

दोघींचे मुख्य अन्न गवताच्या बिया. त्यात भात आणि नाचणीही आली. कणसे भरू लागली की शेतावर मनोलींचे थवे उतरतात आणि शेतकरी त्यांना हाकलतात. इवल्या पक्ष्याची भूक इवली असली, तरी मोठा थवा छोट्या खाचरात उतरल्यावर ती जाणवते. रानाच्या कडेला एकच लहान खाचर असलेल्या शेतकऱ्याला ती अधिक जाणवते, हेही मान्य करायला हवे.

पांढऱ्या पाठीच्या मनोलीच्या आहारात बांबूच्या बियांनाही स्थान आहे. बांबू अनेक दशकांतून एकदा फुलतो, विपुल बी धरतो आणि मरतो. अशा वर्षी बियाभक्षी पक्ष्यांना पर्वणी असते. याच जातीविषयी मलेशियातील भातशेतीत झालेल्या आणि १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लक्षवेधक गोष्ट आढळली : हे पक्षी भाताबरोबर पाणी भरलेल्या शेतातील तंतुमय हिरवे शेवाळही खात होते. केवळ दाण्यांतून न भागणारी प्रथिनांची गरज विणीच्या काळात शेवाळाने पुरी होते, असा त्याचा अर्थ लावला गेला. रानकडेच्या या पक्ष्यालाही पाण्याने भरलेले खाचर हवे असते, हे यातून कळते.

ठिपकेदार मनोलीच्या चरण्याचा अभ्यास कॅनडातील मॉन्ट्रियल येथे ल्युक-अलेन जिराल्डो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. थव्यात काही पक्षी स्वतः दाणे शोधतात, तर काही इतरांनी शोधलेल्या दाण्यांवर डल्ला मारतात. डोके खाली घालून उड्या मारणारा पक्षी बहुधा शोधणारा, तर डोके वर ठेवून उड्या मारणारा इतरांवर नजर ठेवणारा असतो, असे त्यांच्या प्रयोगांत दिसले. डल्ला मारणारे फार वाढले की शोधणे अधिक फायद्याचे ठरते आणि पक्षी आपली रीत बदलतात. बांधावर बसून थव्याकडे दहा मिनिटे पाहणाऱ्याला ही देवघेव दुर्बिणीशिवायही टिपता येईल.

वीण

मनोलींची वीण मुख्यतः पावसाळ्याशी जोडलेली आहे. गवत वाढते, घरट्याला सामग्री मिळते आणि पिल्ले बाहेर पडेपर्यंत गवताचे बी तयार होते. दोन्ही जाती गवताची पाती, बांबूची पाने वगैरे गोळा करून बाजूला तोंड असलेला मोठा, ओबडधोबड गोळा बांधतात. सुगरणीच्या विणकामाची सफाई त्यात नसते. पण पाऊस अडवण्याचे काम तो चोख बजावतो. ठिपकेदार मनोली बागेतील झाडात किंवा घराच्या वळचणीलाही घरटे करते. पांढऱ्या पाठीची मनोली झुडूप, झाड किंवा उंच गवत पसंत करते.

अंडी पांढरी असतात; बहुधा चार ते सहा, क्वचित कमी-अधिक. घरटे बांधणे आणि अंडी उबवणे ही कामे नर-मादी दोघे मिळून करतात. वीण आटोपल्यावरही घरटे वाया जात नाही. रात्री झोपण्यासाठी मनोली जुन्या घरट्यांचा उपयोग करतात आणि एकाच घरट्यात अनेक पक्षी दाटीने शिरतात. त्यामुळे पावसाळ्यानंतर झुडपे तोडताना दिसणारे ‘रिकामे’ घरटे खरोखर रिकामे असेलच असे नाही.

गाणे : न ऐकू येणारा फरक

दोन्ही जातींत गातो तो नर. ठिपकेदार मनोलीचे गाणे इतके हळू असते की दोन-तीन पावलांवरूनही ते धड ऐकू येत नाही. चोच हलताना दिसते, सूर मात्र पोहोचत नाही. पांढऱ्या पाठीच्या मनोलीचा नर पिसे फुलवून, अंग ताठ करून तुलनेने स्पष्ट गाणे म्हणतो. थव्याची साद मात्र दोघींचीही किलबिलीची, आणि ती नवख्याला वेगळी काढता येत नाही.

या गाण्याने विज्ञानात मोठे स्थान मिळवले आहे. अठराव्या शतकाच्या सहाव्या-सातव्या दशकात चीनमधून जपानच्या क्यूशू भागात पांढऱ्या पाठीच्या मनोली नेण्यात आल्या. पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यात वाढून त्यांच्यापासून ‘बेंगाली फिंच’ ही पाळीव अवलाद तयार झाली. नावात बंगाल असला तरी मूळ चीनचे आणि घडण जपानची. पाळणाऱ्यांनी निवड केली ती पांढऱ्या रंगासाठी आणि पिल्ले चांगली सांभाळण्याच्या गुणासाठी, गाण्यासाठी नव्हे. तरीही जपानी शास्त्रज्ञ काझुओ ओकानोया आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले की पिंजऱ्यातील या पक्ष्यांचे गाणे रानातील भाऊबंदांपेक्षा कितीतरी गुंतागुंतीचे झाले आहे.

असे का व्हावे, याचे एक उत्तर तैवानच्या रानात सापडते, आणि तेथे आपल्या दोन्ही मनोली पुन्हा एकत्र येतात. तैवानमध्ये पांढऱ्या पाठीची मनोली काही ठिकाणी ठिपकेदार मनोलीबरोबर मिश्र थव्यांत राहते. जेथे हे मिश्रण अधिक, तेथे पांढऱ्या पाठीच्या मनोलीचे गाणे अधिक साधे असल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. शेजारी सारखीच दिसणारी दुसरी जात असेल, तर जोडीदार निवडताना चूक होता कामा नये. म्हणून गाणे साधे, ठरावीक आणि ओळखीचे राहते. पिंजऱ्यात शेजारीण नाही, म्हणून हा दाब नाही; गाणे मोकळे सुटते. माणसाला या दोघींत फरक करणे अवघड जाते, तसाच तो फरक राखण्याची निकड खुद्द पक्ष्यांनाही असते.

पिंजऱ्याचा प्रश्न

मनोलींचा व्यापार जुना आहे. अठराव्या शतकात इंग्रज निसर्गलेखक जॉर्ज एडवर्ड्स याने ठिपकेदार मनोलीचे वर्णन करताना, हा पक्षी एका कवडीला एक या दराने विकला जातो, म्हणून त्याला कवडीवरून नाव पडले आहे, अशी नोंद केली. नंतरच्या काळातही थवेच्या थवे जाळ्यात धरून विकले गेले; गिऱ्हाइकाला भुलवण्यासाठी त्यांना हिरवा-तांबडा रंग फासण्याचा प्रकारही चालत आला आहे.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार रानातील मनोली पकडणे वा विकणे बेकायदा आहे. १९९०-९१ पासून देशी पक्ष्यांच्या व्यापारावर बंदी आहे. अडचण उभी राहते ती बेंगाली फिंचमुळे. तो दुकानात ‘फिंच’ म्हणून मिळतो आणि तो मुळात पांढऱ्या पाठीच्या मनोलीचाच पाळीव वंशज. पाळीव पक्षी बहुधा पांढऱ्या-तपकिरी ठिगळांचे, फिकट बदामी किंवा पूर्ण पांढरे असतात. गडद छाती, फिकट पोट आणि पांढरा पट्टा असा रानातला नेमका पेहराव असलेले पक्षी पिंजऱ्यात एकत्र कोंबलेले दिसले, किंवा पोटावर खवल्यांची नक्षी असलेले पक्षी विकायला ठेवलेले आढळले, तर वनखात्याला कळवणे योग्य. दोन्ही मनोली ओळखता येणे येथे प्रत्यक्ष उपयोगाला येते.

जमिनीची नाडी

जागतिक पातळीवर दोन्ही जाती ‘चिंता नसलेल्या’ वर्गात मोडतात. त्यांच्या अस्तित्वाला आज धोका नाही. मात्र एखादी जात जगात सुरक्षित असणे आणि एखाद्या गावात टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गोव्यातील भातशेती पडीक राहिली की प्रथम गवत वाढते. काही हंगाम ठिपकेदार मनोलीची चैन होते. त्यानंतर झुडपे येतात. जवळपास रान असेल तर पांढऱ्या पाठीच्या मनोलीला ती जागा मानवू लागते. पुढे एकतर झाडे दाटतात किंवा भराव पडून इमारत उभी राहते. दोन्ही स्थितींत बी देणारे गवत संपते आणि दोघींचाही निरोप होतो. भातशेतीच्या जमिनी बिगरशेतकऱ्यांच्या हाती जाण्यावर निर्बंध घालणारा कायदा गोव्याने २०२३ मध्ये केला. पण जमीन विकली न जाणे आणि ती कसली जाणे यांत अंतर आहे. पाणी भरलेले खाचर, त्यातील शेवाळ आणि बांधावरचे गवत ही कसलेल्या शेताचीच देणगी असते.

घाटमाथ्यावर प्रश्न बांबूचा आहे. दांडेली येथे १९५५ मध्ये स्थापन झालेल्या वेस्ट कोस्ट पेपर मिलने कागदासाठी उत्तर कन्नडमधील बांबूचा मोठा वापर केला. बांबू का घटतो, याचा शोध माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात घेतला, तेव्हा स्थानिक लोकांचे निरीक्षण निर्णायक ठरले. तोडणी सोपी व्हावी म्हणून बेटाच्या बुंध्याभोवतीचे काटेरी कवच साफ केले जात होते आणि त्यामुळे कोवळे कोंब गुरे व वन्य प्राणी यांच्या तोंडी पडत होते. जे कवच निरुपयोगी अडथळा वाटले, तेच बेटाचे रक्षण करीत होते. पांढऱ्या पाठीच्या मनोलीला आसरा देते ते अशाच अस्ताव्यस्त, काटेरी, ‘साफ’ न केलेल्या जागांनी.

आज जोयडा तालुक्याचा मोठा भाग काळी व्याघ्र प्रकल्पात येतो. २००७ मध्ये दांडेली-अणशी या नावाने घोषित झालेल्या या प्रकल्पाचे २०१५ मध्ये काळी नदीवरून नामकरण झाले. व्याघ्र प्रकल्पात रान राखले जाते, तेथील वाघ आणि धनेश मोजले जातात. शेत आणि रान यांच्या मधला पट्टा मात्र कोणाच्याच हिशेबात पूर्णपणे येत नाही : शेतकऱ्याच्या दृष्टीने ती झुडपे, वनखात्याच्या दृष्टीने ते शेताचे टोक. या पट्ट्याची नोंद ठेवण्याचे साधे साधन म्हणजे तेथील मनोली. बांधावर फक्त खवल्यांच्या पोटाची दिसत असेल तर मोकळे गवत टिकून आहे. पांढरा पट्टा चमकत झुडपात शिरत असेल तर रानाची कडही शाबूत आहे. भात पिकण्याच्या हंगामात दोन्ही थवे एकाच खाचरावर उतरत असतील, तर त्या गावात शेत आणि रान अजून एकमेकांना धरून आहेत, एवढे खात्रीने म्हणता येते.